फोटो विकून पैसे मिळतात, पण हिशोब पूर्ण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत अर्धं पान आलं होतं, मोबाईलवर फोटो काढा, ऑनलाइन विका आणि घरबसल्या महिन्याला पन्नास हजार कमवा अशा अर्थाचं. ते पान दुसऱ्याच दिवशी आमच्या बेदाण्याच्या शेडवर आलं, एका मावशींनी भाकरी त्यातच बांधून आणलेली, आणि दुपारी जेवायला बसल्यावर बचत गटातल्या तिघीजणी मला विचारायला लागल्या, "वैनी, ह्यात खरंच पैसं मिळत्यात काय?"

मिळतात, म्हणून सांगितलं, कारण मला मिळालेत. पण किती मिळतात, कधी मिळतात आणि त्यासाठी काय काय करावं लागतं ते त्या पानावर कुठंच नव्हतं, आणि तिघींपैकी एकीनं तर मोबाईलवर जाहिरात बघून ४,९९९ रुपयांच्या ऑनलाइन कोर्सला पैसे भरायची तयारी केलेली, तेही गटातून कर्ज उचलून. म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, कापलं तरी चालेल पण आकडे तेवढे कापू नका.

आधी माझाच हिशोब मांडते. मी तासगाव तालुक्यातली, घरची द्राक्षबाग आहे, बेदाण्याची शेड आहे, आणि फोटो काढायची आवड लग्नाआधीपासूनची. २०१८ च्या उन्हाळ्यात पहिला फोटो ऑनलाइन फोटो विकणाऱ्या साइटवर टाकला. २०२४ संपेपर्यंत तीन साइटवर मिळून माझे ६४० फोटो पास झालेत आणि सगळे मिळून हातात आलेत ८३ हजार रुपये. म्हणजे साडेसहा वर्षांत महिन्याला हजारभर पडले. पहिल्या वर्षी हातात एक रुपयासुद्धा आला नाही, कारण पंचवीस डॉलर जमल्याशिवाय साइट पैसे पाठवत नाही आणि ते जमायला मला चौदा महिने लागले. सगळ्यात चांगलं वर्ष २०२२, तेव्हा २३ हजार आले, त्यानंतर दरवर्षी थोडं थोडं उतरत गेलं. हजार रुपये महिना मला कमी वाटत नाही, मुलीच्या कॉलेजची पुस्तकं त्यातून आली, सांगलीतून १८ हजाराला जुना कॅमेरा घेतला तोही त्यातूनच, आणि हे पैसे माझ्या स्वतःच्या खात्यावर येतात ह्याचं मोल शेतकऱ्याच्या घरातल्या कुठल्याही बाईला विचारा. पण पन्नास हजार महिना ही वेगळी गोष्ट आहे, ज्यांचे हजारोंनी फोटो आणि व्हिडिओ आहेत, जे रोज तेच काम करतात, त्यांची गोष्ट. फावल्या वेळात मोबाईलवर करणाऱ्या बाईला तो आकडा दाखवू नका.

आता हे फोटो 'विकणं' म्हणजे काय ते. आमच्या गटात सगळ्यांना वाटलेलं की फोटो एकदा विकला की गेला, ज्यानं घेतला त्याचा झाला. तसं नसतं. फोटो आपलाच राहतो, आपण फक्त वापरायची परवानगी विकतो, ज्याला लायसन्स म्हणतात. ट्रॅक्टर भाड्यानं दिला म्हणून तो दुसऱ्याचा होत नाही तसंच, फरक एवढाच की ट्रॅक्टर एका वेळी एकाच रानात चालतो आणि फोटो एकाच दिवशी दहा देशांत वापरला जातो. त्यामुळं एका वेळचे पैसे कमी मिळतात, पण तोच फोटो वर्षानुवर्षं जात राहतो. हा धंदा तसा फार जुना नाही. कॅनडातल्या कॅलगरीत २००० साली आयस्टॉकफोटो सुरू झालं, त्यांनी स्वस्तात फोटो द्यायला सुरुवात केली, २००६ मध्ये गेटी इमेजेसनं ते ५ कोटी डॉलरला विकत घेतलं. शटरस्टॉक २००३ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालं. अडोबीनं फोटोलिया नावाची कंपनी घेतली आणि २०१५ मध्ये अडोबी स्टॉक काढलं. इंग्लंडची अलामी १९९९ पासूनची, तिथं बातम्यांचे आणि गावोगावचे फोटो जास्त जातात. ह्या सगळ्या खऱ्या, चालू कंपन्या आहेत आणि त्यांच्याकडं फोटो द्यायला खातं उघडायचं तर एक रुपया लागत नाही. हे मोठ्या अक्षरात छापा. फोटो विकायला आधी रजिस्ट्रेशन फी भरा म्हणणारा कुणीही असला तरी त्याचा फोन ठेवून द्यायचा.

वाटा किती मिळतो हेही त्या पानावर नव्हतं. अडोबी स्टॉकवर फोटोला ३३ टक्के, म्हणजे गिऱ्हाइकानं जे भरलं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. आयस्टॉकवर फोटोला १५ टक्क्यांपासून सुरुवात. शटरस्टॉकवर पूर्वी नव्या माणसाला सबस्क्रिप्शनवाल्या, म्हणजे ठरलेली वर्गणी भरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डाउनलोडला २५ सेंट ठरलेले असायचे, १ जून २०२० पासून त्यांनी टक्केवारी आणली, जास्त विक्रीला वरची पायरी अशी १५ पासून ४० पर्यंत, आणि दर १ जानेवारीला सगळ्यांना परत खालच्या पायरीवर आणायचं ठरवलं. कमीत कमी दर १० सेंट. तेव्हा जगभरातल्या फोटोग्राफरांनी विरोध केला, कितीकांनी आपले फोटो बंद करून ठेवले. दहा सेंट म्हणजे आपले आठ-नऊ रुपये. म्हणजे शंभर डाउनलोड झाले तरी काही वेळा आठ-नऊशेच. हे आधी कळलं तर माणूस नीट ठरवतो की आपल्याला करायचंय का नाही, नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं.

विकतं काय, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. मी सुरुवातीला दंडोबाच्या डोंगरावरचा सूर्यास्त, अंगणातला गुलाब, मांजर असले फोटो टाकले. छान होते, पण एकही गेला नाही, कारण सूर्यास्त आणि गुलाब तिथं लाखांनी पडलेत आणि जगातला सूर्य सगळीकडं एकच आहे. पहिला गेला तो शेडमधला, जाळीच्या रॅकवर पसरलेले हिरवे मणी आणि वरच्या जाळीतून खाली आलेला उजेड. त्यानंतर माझ्या ध्यानात आलं की जे आपल्याला रोजचं म्हणून दिसतच नाही तेच दुसऱ्याला लागतंय. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवलेले घड, रॅकवर पंधरा दिवस सुकणारा माल, गंधकाची धुरी, बेदाणा निवडणारे हात, छाटणीची कात्री, हळद शिजवायची कढई, पॉलिशचा ड्रम, बेंदराला रंगवलेली शिंगं, भाजीच्या गाड्यावर मोबाईलनं पैसे देणारी आजी. माझा सगळ्यात जास्त वेळा गेलेला फोटो कशाचा असेल? ठिबकच्या नळीतून वेलीच्या बुडात पडणाऱ्या एका थेंबाचा. पाणी, शेती, दुष्काळ, हवामान बदल, खत कंपनीचं माहितीपत्रक, बँकेची कर्जाची जाहिरात, सगळ्यांना तो चालतो. आणि त्या फोटोत डाव्या बाजूला मोकळी माती आहे, तिथं त्यांना अक्षरं टाकता येतात, अशी मोकळी जागा असली की फोटो जास्त जातो हे मला बऱ्याच उशिरा समजलं.

पण फोटो कितीही चांगला असला तरी तो सापडायला पाहिजे ना, आणि सापडतो तो शब्दांनी. फोटोबरोबर कीवर्ड द्यावे लागतात, इंग्रजीत. अडोबीवर जास्तीत जास्त ४९, त्यातले पहिले दहा सगळ्यात महत्त्वाचे. शटरस्टॉकवर कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ५०. खरी मेहनत इथं आहे, फोटो काढायला दोन मिनिटं आणि कीवर्डला अर्धा तास. मी बेदाण्याला डिक्शनरीत बघून 'करंट' लिहायचे, आणि फोटो कुणाला दिसतच नव्हता. मुलीनं शोधून सांगितलं की आई, करंट म्हणजे ती बारकी काळी द्राक्षं वाळवलेली, आपला तो रेझिन. आणि पुढं तिनंच काढलं की इंग्लंड-ऑस्ट्रेलियात बिनबियांच्या पिवळसर बेदाण्याला रेझिन म्हणतच नाहीत, सुलताना म्हणतात. सुलताना हा एक शब्द घातला आणि दोन वर्षं पडून राहिलेले फोटो हलायला लागले. तसंच बेंदराचं, आमच्याकडं बेंदूर, पण बाहेरच्या माणसाला पोळा माहिती, म्हणून दोन्ही लिहायचं. थॉमसन सीडलेस, सोनाका, माणिक चमन अशी जातीची नावं बरोबर लिहायची. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या खास मालाचं सरकारी मानांकन, मिळालाय, मग 'सांगली' हा शब्दसुद्धा कीवर्ड झाला, तो कशाला सोडायचा? शेतीचं ज्ञान असलेल्या बाईला इथं शहरातल्या फोटोग्राफरपेक्षा जास्त कळतं, हे मी अनुभवानं सांगते. त्यानं 'फ्रूट' लिहिलेलं असतं, आपण लिहितो कुठल्या जातीचं, कुठल्या महिन्यातलं, कुठली प्रक्रिया चालू आहे ते.

मोबाईल चालतो का? चालतो. अडोबी आणि शटरस्टॉकला कमीत कमी ४ मेगापिक्सेलचा फोटो लागतो, आजकालचा कुठलाही बरा मोबाईल त्याच्या वर देतो. पण व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो टाकायचा नाही, तो बारीक होऊन येतो, मूळ फाइलच पाहिजे. ब्यूटी फिल्टर बंद. लेन्स पदरानं नाही, स्वच्छ मऊ कापडानं पुसायची, शेडमध्ये धूळ आणि धुरी इतकी की सकाळी पुसलेली लेन्स दुपारी धुरकट. माझ्या पहिल्या दहातले आठ रिजेक्ट झाले होते, तीन हललेले, दोन अंधारात काढल्यामुळं दाणेदार, आणि तीन डिपिंग ऑइलच्या डब्यावर कंपनीचं नाव दिसत होतं म्हणून. जाहिरातीसाठी जाणाऱ्या फोटोत कुठलंही नाव, लोगो, गाडीचा नंबर दिसता कामा नये. आता मी डबा फिरवून ठेवते.

माणसांच्या फोटोचं मात्र जरा थांबून सांगायला पाहिजे, कारण तुमच्या पानावर 'आजूबाजूच्या माणसांचे फोटो काढा' एवढंच होतं आणि ते मला अजिबात पटलं नाही. ज्याचा चेहरा ओळखू येतो त्याचा फोटो जाहिरातीसाठी द्यायचा तर त्याची लेखी सही लागते, मॉडेल रिलीज म्हणतात त्याला. लहान पोर असेल तर आईबापाची सही. सही नसेल तर फोटो फक्त एडिटोरियल म्हणून जातो, म्हणजे बातमीला, लेखाला, पुस्तकाला, तोही साइटनं त्या प्रकारात घेतला तर. आमच्या तासगावच्या गणपतीचा रथ, गोपुरासमोर दोर धरलेली हजारो माणसं, तो फोटो एडिटोरियलच, तिथं कुणाकुणाची सही आणणार. पण शेडमधल्या बायकांचं काय? पहिल्यांदा सासूबाईंचा फोटो काढला बेदाणा निवडताना, त्यांनी विचारलं सही कशाला गं, मी सांगितलं आई तुमचा फोटो कुठल्या देशात कशावर लागेल सांगता येत नाही, तेव्हा त्या म्हणाल्या मग नीट लुगडं नेसून येते, आणि खरंच नेसून आल्या. तेव्हापासून मी कामावरच्या बायकांनासुद्धा आधी सगळं समजावून सांगते. फॉर्म इंग्रजीत असतो, वहीत मराठीत लिहून वाचून दाखवते, तुमचा चेहरा औषधाच्या, कर्जाच्या, कशाच्याही जाहिरातीत येऊ शकतो हेही सांगते, नको म्हणाली तर विषय संपला. हो म्हणाली तर सहीच्या दिवशी २०० रुपये आणि फोटोची एक मोठी प्रिंट. दोनशे काही फार नाहीत, मला माहिती आहे, पण ज्या हातांच्या फोटोवर मी पैसे घेते त्या हातांना काहीच न देता मला ते घेववत नाहीत. कोर्सवाले हे शिकवत नाहीत. ते म्हणतात नकळत काढलेला फोटो नैसर्गिक येतो. येत असेल, पण ती बाई उद्या आपला चेहरा भलत्याच जाहिरातीवर बघेल तेव्हा तिला काय वाटेल?

इमारतींचं पण असंच. मुंबईला गेलो तेव्हा गेटवे आणि ताज हॉटेलचा फोटो काढला, जाहिरातीसाठी दिला तर परत आला. नंतर कळलं की ताज महाल पॅलेसच्या इमारतीलाच २०१७ मध्ये ट्रेडमार्क मिळालाय, देशात पहिल्यांदाच असं झालं. म्हणजे त्या इमारतीचं रूप त्यांच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायचं नाही. मग मी फक्त गेटवे आणि कबुतरं दिली, ती पास झाली.

आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या आपल्या पोरांसाठी एक. माझ्या पुतण्याचा तालुक्याला स्टुडिओ आहे, त्याच्याकडं हार्ड डिस्क भरभरून लग्नं आहेत, नवरीच्या मेंदीचे हात, मुंडावळ्या, अक्षता, परदेशात असल्या फोटोला मागणी आहे म्हणून तो खूश होऊन टाकायलाच निघालेला. मी म्हटलं थांब बाळा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढणाराच त्याचा कर्ता, पण कलम १७ मध्ये असंही आहे की दुसऱ्यानं पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा, वेगळा करार नसेल तर. म्हणजे लग्नाचा अल्बम नवरा-नवरीच्या घरचा आहे, स्टुडिओचा नाही. आता त्यानं बुकिंगच्या पावतीवर एक ओळ घातलीय, विचारून, वाचून दाखवून सही घेतो, कुणी नको म्हणतं, कुणी हो म्हणतं. एवढ्यानं पुढची भांडणं वाचतात. आणि स्वतःच्या मनानं काढलेल्या फोटोचा हक्क मात्र आपला, आपण असेपर्यंत आणि आपल्यामागं ६० वर्षं.

सगळंच विकायचं नसतं हेही मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं. सांगलीत महापूर आला तेव्हा माझ्या माहेरच्या माणसांच्या घरात गळ्याएवढं पाणी, मी पाणी ओसरल्यावर गेले आणि पंचनाम्यासाठी म्हणून प्रत्येक खोलीचे, भिजलेल्या धान्याचे, मेलेल्या जनावरांचे फोटो काढले. त्या आठवड्यात पुराच्या फोटोंना खूप मागणी होती, टाकले असते तर गेले असते. काकूंचा चिखलात बसलेला एक फोटो आहे माझ्याकडं, तो मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो असेल. तो मी कुठंच दिला नाही आणि देणारही नाही. बातमीदारांनी असे फोटो काढावेत, ते त्यांचं कामच आहे, त्यामुळं तर मदत येते. पण मी तिथं घरची म्हणून गेले होते.

पैसे येण्याचं थोडक्यात सांगते. पेपाल किंवा पेओनियर ह्या परदेशातले पैसे ऑनलाइन आणणाऱ्या कंपनीकडं खातं लागतं, तिथून बँकेत, मध्ये डॉलरच्या भावात आणि फीमध्ये थोडं कापलं जातं. अमेरिकन कंपनी असेल तर डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म भरायचा, पॅन नंबर टाकायचा, मग अमेरिकेत झालेल्या विक्रीवर भारताशी असलेल्या करारामुळं १५ टक्के कर कापतात, फॉर्म भरला नाही तर ३० टक्के. ऑनलाइन दहा मिनिटांचं काम आहे. आणि हे उत्पन्न आपल्या रिटर्नमध्ये दाखवायचं असतं, कितीही कमी असलं तरी, तिकडं कापलेल्या कराची वजावट कशी घ्यायची ते सीएला विचारा.

आता एआयचं. हे सांगितल्याशिवाय कुणाला ह्या कामात आणणं मला चुकीचं वाटतं. २०२२ च्या शेवटाला अडोबी स्टॉकनं एआयनं बनवलेली चित्रं तसा शिक्का मारून घ्यायला सुरुवात केली, गेटीनं त्याच वर्षी तसली चित्रं घ्यायला बंदी केली, प्रत्येकाचं धोरण वेगळं. पुढं २०२३ च्या मार्चमध्ये अडोबीनं फायरफ्लाय नावाचं चित्रं बनवणारं एआय आणलं, ते मुख्यतः त्यांच्या स्टॉकमधल्या फोटोंवर शिकवलेलं, त्याबद्दल फोटो देणाऱ्यांना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बोनस दिला. बोनस मिळाला, पण आपलाच फोटो बघून शिकलेलं मशीन आता आपल्याच शेजारी दुकान मांडून बसलंय हे मनाला लागतं, आणि माझी कमाई उतरायला लागली ती ह्याच काळात. हसणारी शेतकरीण, हिरवं रान, हातात टॅबलेट, असले फोटो आता कुणी काढून विकेल असं मला वाटत नाही, ते मशीन फुकटात देतं. पण मी मुलीला एकदा एआयकडनं बेदाण्याची शेड काढायला सांगितली, तर त्यानं उन्हात गालिच्यावर पसरलेली काळी द्राक्षं दिली, मागं बर्फाचे डोंगर. आमचा बेदाणा सावलीत सुकतो, रॅकवर, जाळीवर, आणि तो हिरवा-पिवळा असतो. ज्याला खरी शेड पाहिजे त्याला अजून इथं यावं लागतं. म्हणून मी गटातल्या बायकांना म्हणते की जे काढायचं ते नावगावासकट, प्रक्रियेसकट काढा, हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं काढा, आता फार थोडी उरलीत, मिरजेत सतारीचा भोपळा कोरणारे कारागीर काढा त्यांना विचारून, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मिळालाय, लोक शोधणारच. आणि मूळ फोटो घरच्या हार्ड डिस्कवर ठेवायचे, एकाच साइटच्या भरवशावर राहायचं नाही. बर्लिनची आयईएम म्हणून मोबाईलच्या फोटोंची नावाजलेली साइट होती, २०११ ला सुरू झालेली, २०२३ मध्ये तिचं दिवाळं निघालं आणि दुसऱ्या कंपनीनं घेतली. साइट आज आहे, उद्या नाही.

संपादक साहेब, आता तुमच्याकडं एक मागणं आहे, आणि हे फक्त तुमच्या पेपराला नाही, सगळ्याच पेपरांना. मागच्या वर्षी एका पेपरात, तुमच्या नाही, बेदाण्याच्या भावाच्या बातमीवर माझा शेडचा फोटो होता. खाली लिहिलेलं 'सौजन्य : इंटरनेट'. तो जाळीतला उजेड मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार, सहा दिवस सकाळी सात वाजता जाऊन मी तो पकडलेला. फोन केला तर म्हणाले गुगलवर मिळाला. इंटरनेट फोटो काढत नाही हो. फोटो कुणीतरी काढलेला असतो, आणि नाव शोधणं अवघड पण नसतं, तोच फोटो गुगलवर टाकून शोधलं तर पाच मिनिटांत मूळ जागा सापडते. परदेशातली कंपनी मला दहा सेंट देते, पण विचारून आणि हिशोब लिहून देते. इथं जिल्ह्याच्या पेपरात निदान नाव तरी छापून यावं, एवढंच वाटतं. तुम्ही दर आठवड्याला वाचकांकडनं पाऊस, पेरणी, गणपती, पालखीचे फोटो मागवता, चांगली गोष्ट आहे, आमच्या गटातल्या पोरीसुद्धा पाठवतात. त्याच्याखाली नाव छापता, त्याबद्दल आभार. आता छापलेल्या फोटोला शंभर रुपये का होईना मानधन सुरू करा आणि फोटो दुसरीकडं वापरणार असाल तर विचाराल असं एका ओळीत लिहा. गावातल्या फोटोला पहिलं गिऱ्हाईक गावाजवळचा पेपरच असायला पाहिजे, न्यूयॉर्क नंतर.

आणि त्या पुरवणीत पुढच्या वेळी असलं पान छापाल तेव्हा खालच्या चौकटीत तीन गोष्टी छापा, खातं उघडायला पैसे लागत नाहीत, पहिले पैसे यायला वर्ष लागू शकतं, आणि माणसांची सही घ्यावी लागते. कोर्समध्ये जे शिकवतात ते सगळं ह्या साइटच्या स्वतःच्या मदतीच्या पानांवर फुकट लिहिलेलं आहे. इंग्रजीत आहे एवढीच अडचण, आणि त्यावर हे लोक ४,९९९ रुपये घेतात. तुमच्यासारख्या पेपरानं ते मराठीत चार रविवारी क्रमानं छापलं तर किती बायकांचं कर्ज वाचेल.

आमच्या गटातलीनं कोर्सला अजून पैसे भरलेले नाहीत. तिला मी येत्या शनिवारी दुपारी शेडवर बोलावलंय, बाकीच्या दोघी पण येणार आहेत, मुलगी कीवर्डची वही घेऊन बसेल. द्राक्षबागेची खरड छाटणी सुरू व्हायच्या आत प्रत्येकीचे दहा फोटो अपलोड करायचं ठरलंय. तालुक्यातल्या आणखी कुणाला यायचं असेल तर यावं, मोबाईल चार्ज करून आणि लेन्स पुसायला मऊ कापड घेऊन, पैसे आणायचे नाहीत.

आपली नेहमीची वाचक,
तासगाव तालुका, जि. सांगली